ठेवली तेव्हा मस्त चालू होती

दोन-चार वर्षं एका जागी उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर पाना-पक्कड नंतर शोधा, आधी एक वाक्य पाठ करा: ‘ठेवली तेव्हा मस्त चालू होती!’ मेकॅनिकसमोर ते जरा दुखावलेल्या आवाजात म्हणायचं. तुमची पाठ फिरल्यावर गाडीनेच काहीतरी आगळीक केली, असा भाव त्यातून आपोआप येतो. कुणी म्हणेल, उभं राहून गाडी झिजते. हसून सोडून द्या. लोखंड ते, लोखंडाला काय होतंय? (गंज हा शब्द या प्रसंगी उच्चारू नये.)

कव्हर ओढून काढा. ते हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकचं असेल तर तुमचं विशेष कौतुक, कारण आतला ओलावा तुम्ही इतकी वर्षं बाहेर जाऊ दिला नाहीत. आता आत बसा, कुबट वासाकडे दुर्लक्ष करा आणि चावी फिरवा.

काहीच होणार नाही. पुन्हा फिरवा. चावी जोरात फिरवली की वीज जास्त येते, हा समज तुमचा एकट्याचा नाही, जगभर तो मोठ्या निष्ठेने पाळला जातो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली गेली की तिच्यात म्हणण्यासारखं काही उरत नाही. वीज गेली कुठे? तुम्ही गाडी विसरलात, पण डॅशबोर्डवरचं घड्याळ विसरलं नव्हतं. अंधारात, कव्हराखाली, कुणीही बघत नसताना ते नेमाने वेळ दाखवत होतं. त्याच्या जोडीला अलार्म होता, रिमोटची वाट बघणारं लॉक होतं. बॅटरी रिकामी पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि ते एकदा कडक झाले की चार्जरपुढे सहसा नमत नाहीत. हे टाळायला निगेटिव्ह टर्मिनल सैल करून तार बाजूला ठेवणं पुरेसं होतं, जेमतेम एक मिनिटाचं काम. पण त्या दिवशी तुम्ही घाईत होता, हे आम्ही समजू शकतो.

शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावायची झाल्यास भित्रे लोक काळ्या तारेचा शेवटचा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावतात. म्हणे बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. एवढा विचार करणाऱ्या माणसाची गाडी मुळात अशी उभीच राहिली नसती.

पेट्रोलची चिंता तर अजिबात नको. जुनं ते सोनं! टाकीचं झाकण उघडल्यावर रंगाच्या दुकानात आल्यासारखा वास आला, तर पेट्रोल छान मुरलंय असं समजा. प्रत्यक्षात त्यातला चटकन पेट घेणारा हलका भाग केव्हाच उडून गेलेला असतो, आणि उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन चिकट डिंक तयार होतो. तो इंजेक्टरच्या किंवा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांमध्ये कायमचा मुक्काम ठोकतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर बहार आणखी वाढते. इथेनॉल पाणी शोषतं, पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की दोघे पेट्रोलशी फारकत घेऊन तळाला जाऊन बसतात. आणि पंपही नेमका तळातूनच ओढतो. टाकी रिकामी करून धुवायची, फिल्टर बदलायचा, हे शहाण्यांचे उद्योग. तुम्ही वरून थोडं ताजं ओता. चांगल्या संगतीने बिघडलेले सुधारतात, हे शाळेत शिकवलेलं कधीतरी उपयोगी पडलंच पाहिजे.

इथे एका वेगळ्या जातीच्या मालकाबद्दल बोलायला हवं, कारण तो तुम्हाला तुच्छ लेखतो. त्याने गाडी ‘अशीच टाकली नाही’. तो दर रविवारी खाली उतरला, इंजिन सुरू केलं, पाच मिनिटं शेजारी उभं राहून फोन बघितला आणि बंद करून वर गेला. पाच मिनिटांत ऑइल नीट तापत नाही. जळलेल्या इंधनातून आलेलं पाणी वाफ होऊन निघून जाण्याऐवजी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं, आणि स्टार्टरने खाल्लेली वीजसुद्धा तेवढ्या वेळात धड भरून निघत नाही. म्हणजे तुम्ही जे आळसाने केलंत तेच त्याने मेहनतीने, दर आठवड्याला उठून केलं. शिवाय बंद गॅरेजमध्ये केलं असेल तर रंग नाही, वास नाही अशा कार्बन मोनॉक्साइडच्या सहवासात केलं. त्याच्यासमोर मान खाली घालायचं तुम्हाला काहीच कारण नाही.

बॉनेट उघडलंत? एअर फिल्टरच्या डब्यात गवत, कापूस, सीटमधला फोम आणि तुमच्याच मालकीच्या वायरिंगचे तुकडे यांचं एक घरटं मिळेल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथे उंदीर आहे एवढाच फरक. दिव्यांपैकी जो पेटत नाही त्याची वायर याच गादीत सापडेल.

आता इंजिन. ज्यांना गाडीपेक्षा स्वतःचा वेळ स्वस्त वाटतो अशी माणसं स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडतात, रात्रभर थांबतात, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघतात. मोकळं फिरलं तर प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर थोडा थोडा मारतात, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. कारण काय, तर सगळं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरलेलं असतं आणि वर बेअरिंगं कोरडी असतात, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. इतकी काकुळती कशाला? तुम्ही डिपस्टिक बघा. ऑइल पातळीला आहे ना? मग झालं. ते काळं आहे, आंबट आहे, त्यात पाणी मिसळलंय, हे डिपस्टिकवर लिहिलेलं नसतं. सुरू झाल्या झाल्या पायात असेल नसेल तेवढा जोर लावून रेस करा, म्हणजे घशातला कफ निघतो असं एक परंपरागत वैद्यक आहे. टायमिंग बेल्टला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणाऱ्या पट्ट्याला, हात लावू नका. त्याचं रबर किलोमीटर मोजतं, वर्षं मोजत नाही, असं तुम्हीच ठरवलंय. तो तुटला तर अनेक इंजिनांमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची समोरासमोर भेट होते. आणि ही भेट शब्दशः घ्यावी.

समजा, या सगळ्यातूनही गाडी सुरू झाली. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा फॅन बेल्ट ओरडला, मागून पांढरा धूर निघाला आणि तुम्ही डोळे पुसलेत. गिअर टाका. गाडी नाक वर करेल, ढुंगण खाली दाबेल, पण हलणार नाही. ठेवताना तुम्ही हँडब्रेक घट्ट ओढला होता ना, तो त्या दिवसापासून आपलं काम करतोय. ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला चिकटल्यात. चाकामागे लाकडाचा ठोकळा लावून, गिअर टाकून हँडब्रेक मोकळा ठेवला असता तर हे झालं नसतं, पण एवढी निष्ठा तरी मग कुठे बघायला मिळाली असती! अ‍ॅक्सिलेटर दाबत राहा. धाडकन आवाज येऊन चाक सुटलं तर उत्तम. पट्टीचं अस्तर सुटून ड्रममध्येच राहिलं तरी गाडी पुढे जाईलच, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

थांबण्याचा प्रश्न थांबायची वेळ आली की बघू. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट 4 प्रकारचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हाच आकडा 155 वर येतो. उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. या क्षणी ते वाक्य पुन्हा आठवावं. ठेवली तेव्हा थांबतही होती.

टायरला नक्षी शिल्लक आहे, म्हणजे टायर नवेच. बगलेवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. ते वाचू नका, उगाच वय कळतं. बाजूच्या भेगांमध्ये नखही घालू नका. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरू लागलं तर टायर एका जागी बसून चपटे झालेत, असं मेकॅनिक सांगेल. गाडी आनंदाने थरथरतेय असं घरच्यांना सांगा.

पहिली फेरी छोटीच ठेवा. तुम्ही ठेवली नाहीत तरी गाडी ठेवेल. कोपऱ्यावरून ती चौघांनी ढकलत परत आणताना स्टिअरिंग तुम्हीच धरा, मालकाचा मान असतो तो. जागेवर आली की कव्हर घाला आणि विकायची जाहिरात टाका: ‘उत्तम चालू स्थितीत, अतिशय कमी वापरलेली, फक्त बॅटरी नवी लागेल.’ कुणी बघायला येईपर्यंत ती तिथेच उभी राहील. जमीन अगदी सपाट आहे, तरी हँडब्रेक घट्ट ओढून ठेवा.