टिल्लूच्या वडिलांचं वजन

सासऱ्यांनी माझी चौकशी केली तेव्हा पगार विचारला, गोत्र विचारलं आणि चहा मागवला. टिल्लूच्या खाण्याच्या पिशवीला मात्र त्याचा बाप किती किलोचा होता, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

टिल्लू दहा आठवड्यांचा. मित्राने साताऱ्याहून आंब्याच्या पेटीत घालून आणून दिला. "आई लॅब्राडोर," तो म्हणाला. "आणि वडील?" "ते येऊन-जाऊन असायचे."

तेव्हा हसलो. दुकानात पिशवी उलटी केली आणि हसू मावळलं. मागच्या तक्त्यात वर पिल्लाचं वय आणि डावीकडे त्याचं मोठेपणीचं वजन. दोन्ही जुळवायची, मग रोज किती ग्रॅम घालायचं ते कळणार. अहो, माझ्या मुलाचं बारावीनंतर काय होणार हे मला सांगता येत नाही, तिथे ह्याचं दीड वर्षानंतरचं वजन कुठून सांगू?

शिवाय पिशव्या दोन जातीच्या: साध्या पिल्लांची आणि मोठ्या चणीच्या पिल्लांची. घरी येऊन वाचत बसलो. कुत्र्यांच्या खाण्याच्या अमेरिकन मानकाने सीमारेषा आखलीय मोठेपणीच्या सत्तर पौंडांवर, म्हणजे साधारण 32 किलो. त्यापुढे जाणाऱ्या पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम 1.8 टक्क्यांच्या वर चालत नाही, बाकीच्यांना अडीचपर्यंत मुभा. लॅब्राडोर नेमका ह्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो. म्हणजे सगळी भिस्त पुन्हा त्या येऊन-जाऊन असणाऱ्या गृहस्थांवर!

"पंजे बघा, पंजे!" सोसायटीतल्या अण्णांनी निकाल दिला. पुढचे दोन दिवस जो येईल तो टिल्लूशी हस्तांदोलन करून आकडा सांगून जाई. आकडे पंधरापासून चाळीसपर्यंत गेले. आत्याने तर कॅल्शियमची बाटलीच आणली. "हाडं भक्कम होतात हो."

दुकानदार समजूतदार. "सुट्टं देऊ का, किलोवर?" सुट्ट्याला तक्ता नसतो, त्यामुळे मोह फार झाला. पण बायकोने डोळे वटारले आणि मी मोठ्या चणीची, तीन किलोची, बंद पिशवी उचलली.

मित्राकडे टिल्लू दूध-पोळीवर होता. मी त्याच संध्याकाळी वाटीभर दाणे ओतले. त्याने वाटीसकट फस्त केले असते. रात्री अडीच वाजता बैठकीतल्या सतरंजीवर जे घडलं, ते मीच पुसलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सतरंजीचंही. "जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत सात-दहा दिवसांत बदलायचं असतं. आणि ही बाटली आत्याबाईंना परत द्या. नको असलेलं कॅल्शियम लहान पिल्लांना अडवता येत नाही, मोठ्या चणीच्या पिल्लाची हाडं त्यानेच बिघडतात."

"पण वजन? तक्ता?"

"तक्ता सुरुवातीपुरता. दर आठवड्याला असं करायचं." त्यांनी माझा हात धरून टिल्लूच्या कुशीवर ठेवला. "बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. दिसल्या तर वाढवा, शोधाव्या लागल्या तर कमी करा."

घरी येऊन बायकोला प्रयोग दाखवला. तिने टिल्लूला चाचपलं. ठीक. मग काय वाटलं कोण जाणे, तिने तोच हात माझ्या शर्टावर ठेवला आणि बराच वेळ शोधत राहिली.

चकलीचा डबा तेव्हापासून माळ्यावर आहे.