‘सात उत्पन्नस्रोत’वाल्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘श्रीमंत माणसाला उत्पन्नाचे सात स्रोत असतात, तुम्हाला एकच. पगार म्हणजे गुलामी. पगार, धंदा, व्याज, लाभांश, घरभाडं, शेअरचा नफा, रॉयल्टी, हे सातही नळ आजच सुरू करा. ऑप्शनमधून रोज २ हजार सहज निघतात. फ्लॅट घ्या, भाड्यातून हप्ता सुटतो. झोपेतही पैसे येतात आणि या जोडउत्पन्नावर कर नाही.’

मी साताऱ्यात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. जोडधंदा करावा असंच माझं मत आहे. एका पगारात घर ओढणं किती जड जातं ते मला रोज कागदावर दिसतं. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. त्याच्या नादी लागून बुडालेली माणसं जुलै महिन्यात माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात.

आधी ते ‘सात’ बघू. त्यातले व्याज, लाभांश, भाडं आणि शेअरचा नफा हे चार, गाठीशी आधी पैसा असेल तरच मिळतात. महिन्याला १० हजार रुपये व्याज हवं असेल तर ७ टक्क्यांनी साधारण १७ लाखांची ठेव लागते. तेवढीच रक्कम लाभांशातून हवी तर? निफ्टीतल्या, म्हणजे शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा लाभांश वर्षाला शेअरच्या भावाच्या सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे ९० लाखांच्या वर शेअर हवेत. पैसा साठला की मग तो चार ठिकाणी ठेवला जातो आणि चार ठिकाणांहून उत्पन्न येतं. मेसेज ही गंगा उलटी वाहवतो.

‘भाड्यातून हप्ता सुटतो.’ पुण्याच्या कडेला ६० लाखांचा फ्लॅट धरा. १२ लाख स्वतःचे, ४८ लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं: हप्ता ४१ हजार ६०० च्या घरात. अशा फ्लॅटला भाडं येतं १६-१७ हजार. उरलेले २४-२५ हजार दर महिन्याला पगारातून जातात. सुरुवातीला ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार, मग दर महिन्याचा मेंटेनन्स, दर ११ महिन्यांनी नवा करार, एजंटचं एक भाडं आणि मध्ये रिकामा गेलेला महिना हे वेगळंच. राहायला घर हवं म्हणून जरूर घ्या. पण हप्ता भाड्यातून सुटेल या हिशेबावर घेऊ नका.

‘ऑप्शनमधून रोज २ हजार.’ यावर मला थांबून बोलायचंय. फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणजे शेअरचा भाव पुढे चढेल की पडेल यावर लावलेले मुदतीचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर, माणशी सरासरी २ लाखांच्या आसपास. नियम कडक केल्यानंतर २०२४-२५ ची पाहणी आली, तीतही ९१ टक्के तोट्यातच. गेल्या वर्षी एक खासगी शाळेतला मास्तर माझ्याकडे आला. ब्रोकरच्या पत्रकाची घडी खिशातून काढली, पण उलगडेना. शेवटी मीच उलगडली. पहिले दोन महिने नफा होता, दीड-दोन हजारांच्या छोट्या रकमा. मग एका गुरुवारी ६१ हजार गेले आणि ते भरून काढायला पुढच्या चार महिन्यांत आणखी पावणेदोन लाख. खाली दलाली आणि करांची रक्कम तेवढी न चुकता लावलेली होती. नफा होवो वा तोटा, ती द्यावीच लागते. तो म्हणाला, “तोटाच झालाय तर दाखवायचा कशाला?” दाखवायचा, कारण हे धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

इथेच ‘कर नाही’ हेही निकालात निघतं. व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार, कमिशनवर कापलेला कर, हे सगळं तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आधीच नोंदलेलं असतं. तुम्ही दाखवलं नाही तर नोटीस येते.

‘झोपेतही पैसे.’ यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १ हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. तिथवर पोचलेल्यांना विचारा, किती रात्री जागून काढल्या ते.

नोकरीच्या अटींबद्दल तर मेसेजमध्ये चकार शब्द नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, शेअरमध्ये सट्टाही चालत नाही. खासगीतही नेमणूकपत्र वाचा. २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा क्रमांक, नोकऱ्या कितीही असल्या तरी एकच असतो, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणची वर्गणी लपत नाही.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं सांगतो. सकाळी घरून डबे, नंतर दहा ते सहा कापड दुकानात हिशेबाचं काम. मालकाला सांगून करतात. त्यांनी शंभर पानी वही आणली होती, तेलाचे डाग पडलेली. रोजच्या पोळ्यांचे आकडेसुद्धा लिहिलेले. १२ डबे, महिन्याला २ हजार ४०० प्रमाणे २८ हजार ८००. वाणसामान-भाजी १५ हजार ५००, व्यावसायिक सिलिंडर २ हजार २००, पोळ्यांना मदतनीस ३ हजार ५००, डबे पोचवणारा मुलगा २ हजार ४००. उरले ५ हजार २००. वहीत फक्त त्यांचे स्वतःचे तास नव्हते. रोज साडेचार तास, २६ दिवस. तासाला ४४ रुपये पडत होते. आकडा काढला तेव्हा बराच वेळ बोलल्या नाहीत.

पोचवायचा खर्च फक्त दोन लांबच्या डब्यांपायी होता, बाकीचे दहा शेजारच्या गल्लीतले. ते दोन बंद केले, दर २ हजार ७०० केला, डबा घरून घेऊन जायचा. आता २७ हजार येतात, १८ हजार ३०० खर्च होतात, हातात ८ हजार ७०० राहतात आणि काम चार तासांवर आलंय. डबे कमी झाले, पैसे वाढले.

दर वाढवायला भीती नाही वाटली का, असं विचारलं. म्हणाल्या, “दादा, एक तारखेला दुकानाचा पगार येतोच ना. गिऱ्हाईक तुटलं असतं तरी चूल पेटली असती.” ज्या पगाराला मेसेज गुलामी म्हणतो, त्याच पगाराच्या जोरावर त्यांना दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणता आलं. परवा त्या परत आल्या होत्या, एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी नोंदणी करायला. वर्षाला १०० रुपये फी आहे. त्यांनी पाच वर्षांची एकदम भरली.