मारामारीच्या पिक्चरवर नुसतं हसू नका

आमच्या देवगडकडच्या गावात यंदा गणपतीत एका रात्री जुना मारामारीचा पिक्चर लावायचा का, यावरून वाद पेटलाय. पोरांना कांती शाहचा १९९८चा ‘गुंडा’ हवाय, त्यातल्या यमकांवर खदाखदा हसायला. ज्येष्ठ म्हणतात, बाप्पासमोर असली थेरं नकोत. ‘गुंडा’पुरतं ज्येष्ठांचं बरोबर आहे, ते संवाद घरादारासमोर ऐकवण्यासारखे नाहीत. पण म्हणून असल्या पिक्चरांची अख्खी जातच टाकाऊ ठरवणं मला पटत नाही.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये अशा दुर्लक्षित पिक्चरांच्या प्रिंट जपणारी संस्था २००९पासून आहे. १९८७चा ‘मायामी कनेक्शन’ बघा. ऑरलँडोतल्या वाय. के. किम या तायक्वांदोच्या गुरूने स्वतःच्या शिष्यांना घेऊन तो काढला आणि तो साफ आपटला. पुढे इथल्या एका थिएटरवाल्याने त्याची प्रिंट ऑनलाइन ५० डॉलरला उचलली आणि २०१२मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला. प्रेक्षक इथेही हसतात, पण उडी जमली की टाळ्याही वाजवतात.

मला ती उडीच महत्त्वाची वाटते. संगणकाची करामत नव्हती, रीटेक परवडत नव्हता. नव्वदच्या दशकात मिथुनने उटीत बस्तान बसवलं. युनिट त्याच्याच हॉटेलात उतरायचं आणि स्वस्तात, झपाट्याने पिक्चर उरकायचे. कथा तीच, खलनायक तेच. तरी काच फोडून बाहेर पडणारा माणूस खरा असायचा आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. बक्कळ पैसा ओतलेल्या आजच्या मारामारीत मला तो धोका जाणवत नाही.

आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून खळ्यात रात्रभर हेच पिक्चर बघितले जायचे, आणि कुणी कुचेष्टेने बघत नसे. त्या कॅसेटींना आता आपल्या दमट हवेत बुरशी येतेय. फिल्मच्या रिळांचं तेच: उष्णता आणि ओल लागली की जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आक्रसते, मग चालवता येत नाही. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण बेवारस पडलेली रिळं तिथवर कुणीतरी न्यायला तर हवीत!

तेव्हा ‘गुंडा’ राहू दे. रविकांत नगाइचचा १९७९चा ‘सुरक्षा’ लावा. त्यातला मिथुनचा गुप्तहेर, गनमास्टर जी-नाइन, ज्येष्ठांनाही आठवत असेल. सुरुवातीची श्रेयनामावली पळवू नका, त्यातलं फायटिंगवाल्यांचं नाव मोठ्याने वाचा. आणि कुणाच्या माळ्यावर कॅसेटी असतील तर पावसाळ्याआधी खाली काढा. त्या डिजिटल करून घ्यायचा खर्च मी देतो.