साठच्या दशकातला लंडनचा मेकअप : एका प्रतिक्रियेला उत्तर

"हे सगळं कंपन्यांनी विकलं आणि पोरींनी मुकाट्याने घेतलं, मॅडम, जरा वाचन वाढवा." साठच्या दशकातल्या लंडनच्या पोरींच्या मेकअपवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमचं हे वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं. मतभेद चालतील हो, पण 'वाचन वाढवा' कशाला? लेखात काय चुकलं ते दाखवा ना, मला भाबडी ठरवून काय सिद्ध होतं?

आणि मुकाट्याने कुणी घेतलं? त्या काळची गाजलेली मॉडेल ट्विगी, म्हणजे लंडनमधल्या नीसडनची लेस्ली हॉर्नबी, १९६६ मध्ये १६ वर्षांची होती. वर खोट्या पापण्यांच्या तीन-तीन जोड्या, पापणीच्या घडीत काळी रेघ आणि डोळ्याखाली एकेक पापणी ब्रशने काढलेली, आणि ही कल्पना एका चिंध्यांच्या बाहुलीवरून सुचली असं तिनेच सांगितलंय. यार्डली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तिच्या नावाच्या पापण्या विकायला आणल्या त्या १९६७ मध्ये, मग आधी कोण, पोरगी की कंपनी?

फॅशन डिझायनर मेरी क्वांटची कंपनी होती, नाही कुठे म्हणतेय मी. पण कपडे एवढे बदलले तरी मेकअप जुनाच राहिलाय हे तिला खटकत होतं म्हणून तिने १९६६ मध्ये डेझीच्या फुलाचा शिक्का असलेला स्वतःचा मेकअप काढला, त्यातल्या एका पेटीचं नावच पेंटबॉक्स. आणि मिनीस्कर्टचं श्रेय तर ती स्वतःच लंडनच्या किंग्ज रोडवरच्या पोरींना द्यायची!

मी कितीतरी वर्षं हौशी नाटकांचा मेकअप करतेय. त्या खालच्या रेघा मी मुलींच्या डोळ्यांखाली स्वतः काढल्यात, हात जरा हलला की पुसा आणि परत सुरू करा, ते कसब कुठल्या डबीत मिळत नाही. तुम्ही कधी ब्रश हातात धरलाय का? नसेल तर निदान 'मुकाट्याने' तरी म्हणू नका, राग येतो मला.

डोन्याल लुनाचं नाव लेखात हवं होतं, हे मान्य. मार्च १९६६ च्या ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर ती होती, तिथे झळकलेली पहिली कृष्णवर्णीय मॉडेल, तेवढी भर घालते.

बाकी बीबा हे फॅशनचं दुकान, केशरचनाकार ससूनचे हेअरकट, फिकी लिपस्टिक यावर तुम्ही जे लांबलचक लिहिलंय त्यात मी पडत नाही. ट्विगीबद्दलचं हे सगळं मूळ लेखात तिसऱ्याच परिच्छेदात आहे, तिथपर्यंत वाचलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती.