टाइमआउट म्हणे एररच नाही!

"टाइमआउट (ठरल्या वेळेत उत्तर न आल्याने रिक्वेस्ट तुटणं) म्हणजे युजरचं नेट स्लो, तो एरर नव्हे. सेंट्रीत (एरर नोंदवणारं टूल) इग्नोर करा, अ‍ॅपचा टाइमआउट १२० सेकंद ठेवा, वर तीनदा ऑटो-रिट्राय लावा, डॅशबोर्ड क्लीन." ही पोस्ट सगळीकडे फिरतेय, आणि आता धाकट्या भावाने पाठवली, "ताई, आमच्या रेल्स अ‍ॅपला लावू का?" अ‍ॅप हेरोकू या क्लाउड होस्टिंगवर. नको रे बाबा.

आधी ते १२० सेकंद. हेरोकूचा राउटर (युजरची रिक्वेस्ट आत पोचवणारा) उत्तराच्या पहिल्या बाइटसाठी ३० सेकंद थांबतो, मग युजरला ५०३ एरर देऊन मोकळा, लॉगमध्ये टाइमआउटचा कोड एच१२. पण हे अ‍ॅपला कोणी कळवतच नाही! हेरोकूच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की डायनो (आपला कोड चालवणारा कंटेनर) ती रिक्वेस्ट पुढे चालवतच राहतो. म्हणजे युजर एरर पेज बघून शिव्या घालून गेला, इकडे प्यूमा या वेब सर्व्हरचा थ्रेड ४५ सेकंद राबून रिपोर्ट बनवतोय, वर खुशाल २०० (म्हणजे सगळं ठीक) देतोय, आणि सेंट्रीच्या लेखी सगळं आलबेल कारण अ‍ॅपमध्ये एक्सेप्शन आलंच नाही. डॅशबोर्ड क्लीन होतो तो असा! अ‍ॅपचा टाइमआउट राउटरच्या आधी वाजायला हवा, त्यासाठीच्या रॅक-टाइमआउट या लायब्ररीचा डिफॉल्ट १५ सेकंद आहे, तेवढ्यात तुटलं तर निदान स्टॅक ट्रेस (कोड कुठे अडकला त्याचा माग) तरी हाती लागतो.

युजरचं नेट? त्याने मध्येच कनेक्शन तोडलं तर एच२७ हा वेगळा कोड आहे, एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ४९९. एच१२च्या मागे बहुतेक वेळा आपलीच डेटाबेसची क्वेरी रेंगाळलेली असते.

रिट्राय जीईटीला (नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट) चालेल एक वेळ. पोस्ट-रिक्वेस्टला (ऑर्डरसारखं काही नोंदवणारी) लावलात तर पहिली रिक्वेस्ट मागे चालूच, वर दुसरी, ऑर्डर दोनदा, मग बसा रिफंड करत.

आता गोंगाट होतो हे मात्र खरंय, मान्य. रॅक-टाइमआउट थ्रेड जिथे असेल तिथे एक्सेप्शन फेकतो, कधी अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डमध्ये (रेल्सचा डेटाबेसशी बोलणारा भाग), कधी जेसन बनवताना, त्यामुळे एकाच स्लो पानाचे सेंट्रीत ढीगभर वेगवेगळे इश्यू होतात आणि मेलबॉक्स भरतो. पण म्हणून इग्नोर? सेंट्रीच्या फिंगरप्रिंटमध्ये (कुठले एरर एकत्र धरायचे ती खूण) एक्सेप्शनचं नाव आणि कंट्रोलर-अ‍ॅक्शन टाका, सगळे एका इश्यूखाली येतात. आणि पोस्टग्रेस या डेटाबेसला स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीला जास्तीत जास्त वेळ) १० सेकंद द्या, मग रेल्स क्वेरी-कॅन्सल्डचा एरर देतं आणि नेमकी कुठली क्वेरी अडकली ते तिथेच दिसतं.