‘जुन्या गाड्यांची कदर नसलेली जागा’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या इथल्या मुक्कामाबद्दलचा तुमचा अभिप्राय आधी नातवाने वाचून दाखवला, मग चष्मा लावून मी स्वतः दोनदा वाचला. ‘फोटोत गर्द सावली, प्रत्यक्षात उघडं रान. मोदक फुटलेले. सकाळी नळाला थेंब नाही. गावातली पोरं लुटारू. मालकाला जुन्या गाड्यांची कदर शून्य.’ आणि एक तारा. आमच्या दिवेआगरच्या घराला कमी तारे याआधीही मिळालेत, त्याचं एवढं नाही. पण यातली एक ओळ डाचते आहे. तिच्याकडे येतो. आधी तुमचं जे बरोबर आहे ते.

सावलीचं बरोबर आहे. ते फोटो २०१९चे आहेत. फोटोत डावीकडे जी पोफळींची रांग दिसते आणि तिच्यातून कवडसे पडलेत, ती वाडी ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात गेली. दुपारचे तीन-चार तास आम्ही माजघरात बसून होतो आणि बाहेर पोफळी मोडल्याचे आवाज येत होते, काड्या मोडाव्यात तसे. संध्याकाळी दार उघडलं तर मागच्या घरांपलीकडे सुरूचं बन दिसायला लागलं होतं. तोवर आमच्या अंगणातून ते कधी दिसलं नव्हतं. वडिलांनी लावलेल्या सहाशे पोफळींतल्या दीडशेसुद्धा उभ्या राहिल्या नाहीत. नवीन लावल्यात, पण पोफळ धरायलाच सहा-सात वर्षं जातात, सावली द्यायची तर आणखी. तुमच्या गाड्या जिथे उभ्या होत्या ते ‘उघडं रान’ म्हणजे तीच जागा. जुना फोटो काढून नवा लावायला पाहिजे होता, लावला नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखं नाही. परवा नातवाकडून बदलून घेतला. आता बोडकी वाडी दिसते. दव पडून तुमच्या क्रोमवर खारट डाग आले, त्यात माझा दोष आहे. निदान ताडपत्र्या द्यायला हव्या होत्या.

दुसरीही चूक माझी. तुमचा फोन आला तेव्हा ‘दहा-बारा गाड्या आहेत, मावतील ना?’ असं तुम्ही विचारलंत आणि मी ‘मावतील की’ म्हणून मोकळा झालो. माझ्या डोक्यात हल्लीच्या आखूड गाड्या. चिऱ्याच्या गडग्यांमधून आमची वाट काटकोनात वळते, तिथे बैलगाडी वळते, पण तुमच्या मित्राची लांबलचक डॉज किंग्सवे नाही वळत. पहिलीच गाडी अडकली आणि मागे तेरा गाड्या बोर्लीच्या रस्त्यापर्यंत हॉर्न वाजवत उभ्या! (दहा-बाराच्या चौदा झाल्या होत्या, हेही इथे नोंदवतो.) माणसाने टेप घेऊन वाट मोजायला हवी होती. आता मोजली आहे. सोळा फुटांपेक्षा लांब गाडी असेल तर रस्त्यावरच्या शेजाऱ्यांच्या खळ्यात सोय करीन, आणि ते आधी सांगेन.

मोदकांचं अर्धं खरं. उकडीचे मोदक तुम्ही आदल्या रात्री सांगितलेत, एकची वेळ दिलीत. सौ.ने साडेबाराला पहिला घाणा उतरवला. तुम्ही आलात चार वाजता, कारण ताम्हिणी घाटात दोन गाड्या बंद पडल्या. उकड गार झाली की ताठरते, पुन्हा वाफ दिली की कळ्यांशी फाटते. यात ना तिचा दोष ना तुमचा. तरी तिने नारळ खवून पुन्हा एकवीस केले, ते तुमच्याबरोबरच्या बायकांनी खाल्ले. तुम्ही तेव्हा गाडीखाली होतात.

आता ताम्हिणीचा विषय निघालाच आहे तर कदर या शब्दाबद्दल बोलतो. साहेब, मी १९८६ ते २००८ मुंबईत काळी-पिवळी चालवली. पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर. बावीस वर्षं तिच्यात बसलो, जेवलो, पावसात झोपलोही. तुमच्या क्लबात ती क्लासिक आहे, चांगलं आहे. माझ्याकडे तिने दोन मुलींची लग्नं लावली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, ती बातमी लागली त्या दिवशी मी टीव्ही बंद करून वाडीत शिंपणं करायला गेलो. म्हणून तुमची पांढरी पद्मिनी ताम्हिणीचा चढ चढून आल्यावर बंद पडली असं कळलं, तेव्हा फोनवर मी पहिलं विचारलं, ‘एसी पंपावर ओलं फडकं टाकलंत का?’ तुम्ही म्हणालात, ‘आमच्याबरोबर मेकॅनिक आहे.’ तो मेकॅनिक पोरगा चांगला होता, पण प्लग काढून बसला होता. एसी पंप म्हणजे इंजिनाला चिकटलेला, पेट्रोल ओढणारा पंप. तो तापतो, पेट्रोलची वाफ होते, पंप नुसताच हवा ओढतो. फडकं टाकायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, चहा प्यायचा. मुंबईत मे महिन्यात सायनच्या पुलावर आम्ही हेच करायचो. शेवटी तुमच्या मेकॅनिकनेही तेच केलं, तोवर दीड तास गेला होता. आणखी एक, हे फुकटचं: हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते चालत नाही. पंपाचा पडदा आणि पाइप बदलून घ्या, नाहीतर पुढच्या घाटात तीच कथा.

पाण्याचं सांगतो. ते रात्रीच्या प्रकाराशी जोडलेलं आहे आणि तो प्रकार तुमच्या अभिप्रायात एका ओळीत उरकलाय: ‘बीचवर फोटो काढताना किरकोळ अडचण आली.’

माघी पौर्णिमेच्या आदला दिवस. त्या दिवशी ओहोटी साडेपाचच्या सुमारास पूर्ण होती. म्हणजे मध्यरात्रीच्या आधी भरती, तीही उधाणाची. मी पडवीत उभा राहून चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं की पुळणीवर गाडी नेऊ नका. कारणंही दिली. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी कडक दिसते, माणूस चालला तर पाऊल उमटत नाही, पण दीड टनाची गाडी थांबली की खालचं पाणी वर येतं आणि चाकाखालची वाळू पातळ होते. मग ॲक्सिलरेटर दाबाल तसं मागचं चाक खड्डा खणतं. दुसरं कारण कासवांचं. नोव्हेंबर ते मार्च आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, आणि टायरच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. तुमच्यातले एक गृहस्थ हसून म्हणाले, ‘काका, पाच मिनिटं, सूर्यास्ताचा एक फोटो.’

डॉज सहा वाजता उतरली. सव्वासहाला मागची चाकं निम्मी आत. फळ्या घाला, पायपुसणी घाला, सगळं झालं. मला बोलावलंत साडेसातला, पाणी वीस पावलांवर आल्यावर.

ज्याला तुम्ही लुटारू म्हणता तो मुलगा तेव्हा जेवायला बसला होता. ताट तसंच झाकून ट्रॅक्टर काढला. बरोबर चार पोरं, कमरेला गमछे. पहिला दोर तुटला. दुसरा बांधायला तो गुडघाभर पाण्यात गाडीखाली गेला, कारण तुमच्या मित्राला बंपरला दोर बांधू द्यायचा नव्हता. बंपर वाकला असता हे खरंच, म्हणून पोराने वाद न घालता ॲक्सल शोधला. काळोखात, हाताने चाचपून. नऊ वाजता गाडी वर आली. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात, व्हिडिओ काढलात. मग त्याने तीन हजार सांगितले तेव्हा चेहरे बदलले.

तीन हजारांचा हिशोब देतो. चार पोरांना पाच-पाचशे, म्हणजे दोन हजार गेले. नवा दोर आठशे. उरलेल्या दोनशेत डिझेल. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी शिरलं, ते खोलून, धुऊन, ग्रीस भरण्यात त्याचे दोन दिवस गेले, त्याचे त्याने मागितले नाहीत. त्या डॉजचा एक आरसा तुमच्या मित्राने परदेशातून अठरा हजारांना मागवला, हे मला त्यांनीच संध्याकाळी कौतुकाने सांगितलं होतं. मीही कौतुकानेच ऐकलं.

मग धुणं. खाऱ्या पाण्यातून आलेली गाडी त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवायलाच लागते. ड्रम, चासी, स्प्रिंगांची पानं, सगळं. ते मीच सांगितलं आणि टाकीला पाइप लावून दिला. पण डॉज धुऊन झाल्यावर बाकीच्यांनाही वाटलं, आपल्याही गाडीवरचं दव धुवावं. रात्री साडेअकरापर्यंत चौदा गाड्या न्हाल्या. मी झोपायला गेलो होतो. सकाळी सहाला टाकी कोरडी, विहिरीवरचा पंप सुरू करायला गेलो तर वीज नाही. ती आली आठला. तोपर्यंत रहाट ओढून बंबापुरतं पाणी मी आणि सौ.ने काढलं, अकरा बादल्या. सगळ्यांना पुरलं नाही. त्याबद्दल माफ करा. रात्री पाइप काढून न्यायला हवा होता.

ड्रायव्हर लोकांची सोय मात्र वाईट होती, ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. तिघं जण पडवीत सतरंजीवर झोपले, डासांत. तुमच्या नोंदणीत त्यांची माणसं मोजलेली नव्हती आणि मी विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारेन.

आता ती डाचणारी ओळ. एक तारा राहू द्या. सावली, मोदक, पाणी, मालकाचा तिरसट स्वभाव, सगळं राहू द्या. ‘गावातली पोरं लुटारू’ एवढं काढा. त्या मुलाकडेही फोन आहे, त्यानेही ते वाचलं. मला काही बोलला नाही.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला तो कालवं काढायला खडकांकडे गेला होता. येताना हातात डॉजची मागची व्हीलकॅप घेऊन आला, वाळूत अर्धी पुरलेली सापडली म्हणे. काठाला थोडी चेपली आहे, क्रोम शाबूत आहे. मी ती गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, पुसून, खोबरेल तेलाचा हात देऊन फडक्यात बांधून ठेवली आहे. नोंदणीच्या वेळी दिलेल्या नंबरवर तुमच्या मित्राचा पत्ता कळवा. श्रीवर्धनहून एसटीच्या पार्सलने पाठवतो. पार्सलचे पैसे नकोत.