पोलिसांनी डॉक्टरांचं नाव आजींच्या मुलाला सांगायची काय गरज होती?

आज दुपारी डॉक्टर खाली दुकानात आले, ओआरएसची पाकिटं घेतली आणि जाता जाता म्हणाले, "यापुढे असलं काही दिसलं तर मलमपट्टी करीन आणि गप्प बसेन." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

नाशिकच्या सिडकोत आमचं मेडिकल, वर त्यांचा दवाखाना. एक आजी बीपीसाठी यायच्या. (खुणा बदलल्यात, ओळखायच्या भानगडीत पडू नका.) मुलगा गोळ्या न्यायला येईनासा झाला, ते मला दिसत होतंच. मग आजी आल्या त्या दंडावर काळेनिळे डाग घेऊन. म्हणे, बाथरूममध्ये पडले. अहो, पडल्यावर दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वण उठतात का?

डॉक्टरांनी ठाण्यात फोन केला. साहेब राऊंडला होते. नाव, नंबर लिहून घेतला. परत फोन नाही. पण मुलाला मात्र फोन गेला! "तुमच्या आईबद्दल डॉक्टरांनी कळवलंय, काय भानगड आहे?" संध्याकाळी तो दवाखान्यात आला आणि भरलेल्या वेटिंगसमोर डॉक्टरांची आईबहीण काढली. आजी त्यानंतर फिरकल्याच नाहीत. त्या रात्री घरी त्यांचं काय झालं असेल, हे फोन करणाऱ्याच्या डोक्यात तरी आलं का?

सिव्हिलला किमान एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, होते. रजिस्टरला नोंद, नंबर, पोलीस येऊन जबाब घेतो. गल्लीतल्या दवाखान्याकडे फक्त मोबाइल. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असतं तर पोक्सो कायद्यात कळवणं बंधनकारक, न कळवलं तर डॉक्टरलाच सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे कळवा म्हणून कायदा मानेवर बसणार आणि कळवलं की आपणच उघडे पडणार. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. आईबापाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण सांगणाऱ्याला असं तोंडघशी पाडल्यावर तो कायदा कोण घेऊन जाणार ठाण्यात?

मान्य, माणसं कमी आहेत. रोज कुठला तरी बंदोबस्त, त्यात सिंहस्थाची तयारी. ११२ ला फोन केला की गाडी येते, तेही खरं. डॉक्टरचा अंदाज चुकू शकतो आणि मुलाची बाजूही ऐकायलाच हवी. ऐका ना! पण आधी डॉक्टरांना उलटा फोन करा, काय दिसलं ते विचारा, महिला पोलीस पाठवून आजींशी एकटीशी बोला. मुलाचा नंबर त्यानंतर. यात कुठे जास्त माणसं लागतात?

माझ्या यादीत खात्यातले मित्र आहेत. रागावू नका रे. तुम्ही रात्रीअपरात्री धावून येता, कोविडमध्ये नाक्यानाक्यावर उभे होतात, सगळं पाहिलंय. म्हणूनच जास्त लागलं. ज्या माणसाने अर्ध्या सिडकोला उधारीवर तपासलं, त्याला पोलिसांना फोन करायची भीती वाटते आज.

ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. नंबर डॉक्टरांना लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली, बोलले काही नाही. उद्या सकाळी मीच लावतोय, माझ्या नावाने. आणि मुलाला परत कुणी कळवलंच, तर त्याला वरचा जिना चढायला लावू नका. दुकान खालीच आहे, रात्री दहापर्यंत उघडं असतं.